न विचारता उघडायची पेटी

मित्रांनो, घड्याळ, छत्री, नदी आणि शाळेचा फळा यांनी आपापली कहाणी तुम्हाला पूर्वीच सांगितली असेल. माझी कहाणी कोणी वहीत लिहायला देत नाही. मी पत्र्याची एक जुनी पेटी आहे आणि माझ्या पोटात जे असे त्याचे नाव मोठी माणसे आवाज उतरवून घेतात. म्हणून मीच सरळ सांगते. घरात मूल केव्हा यावे, किती यावीत आणि आता पुरे, हे आईबापांना ठरवता यावे म्हणून सरकार ज्या गोळ्या आणि जी पाकिटे फुकट देते, ती माझ्यात ठेवलेली असत. यात लाजण्यासारखे काय आहे ते मला अजून कळलेले नाही. पत्र्याला लाज नसते, हेही खरे.

आणखी एक. मी भिंतीला ठोकलेली. मला समोरचे तेवढेच दिसते आणि आसपासचे ऐकू येते. त्यामुळे ही कहाणी मध्येच तुटेल. तुटली की थोडे थांबा. प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर मी ते लिहिते आहे, जे त्या दिवसांत माझ्या दारावर लिहिलेले होते.

[ दारावर: काही नाही ]

साल १९९२. वसईत भाताच्या खाचरांतून इमारती उगवत होत्या आणि प्रत्येक इमारतीला टपालपेट्या हव्या असत. स्टेशनबाहेर सॅन्टन नावाचा कारागीर पत्रा कापून त्या बनवी. मीही टपालपेटीच व्हायची, पण माझे माप चुकले. मी जिन्याखाली मावेना. सोसायटीवाल्यांनी मला परत पाठवले आणि चार महिने मी सॅन्टनच्या दुकानात खिळ्यांचे डबे सांभाळले.

मग एके दिवशी लुनावरून एक परिचारिका आल्या. नाव रिटा. वसईच्याच एका ख्रिस्ती गावातल्या. नायगावच्या खाडीकडे जाणारा रस्ता जिथे फुलाभाजीच्या वाड्या सोडतो आणि मिठागरे सुरू होतात, तिथल्या आरोग्य उपकेंद्राचा सारा भार त्यांच्यावर. सगळे त्यांना सिस्टर म्हणत. त्यांनी मला उघडून पाहिले, बंद करून पाहिले.

सॅन्टन म्हणाला, "घेऊन जा सिस्टर. पत्रं नाय मावली, औषधं तरी मावतील."

माझ्या आयुष्यातला तो पहिला मान.

[ दारावर: येथे मोफत मिळेल ]

मला पांढरा रंग आला, वर कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण आला. उपकेंद्राच्या पुढच्या ओट्यावर, रस्त्याकडे तोंड करून मला ठोकले. कुलूप नव्हते. उघडा, घ्या, चाला.

वर्षभर कोणी उघडले नाही.

समोर उंडीच्या झाडाखाली एक बाकडे होते. वाड्यांतले पुरुष दुपारच्या वेळी तिथे बसत. कोणी ओट्यावर चढला की सात जोडी डोळे त्याच्या पाठीवर चढत. एकजण माझ्यापर्यंत आला, हात वर केला आणि तोच हात कपाळाला लावून आत गेला. सिस्टर, ताप बघा जरा. ताप नव्हता. सिस्टरांनी तरी थर्मामीटर लावला.

माझ्यातली पाकिटे पिवळी पडली. तालुक्याच्या बैठकीत सिस्टरांना उभे करून विचारीत, तुमच्या गावाचा आकडा एवढा कमी का? त्या काळी वरून आकडा ठरवून येई आणि तो भरून दाखवावा लागे.

उत्तर दिले सुनंदाने. सुनंदा म्हणजे मोगऱ्याची मोठी वाडी असणाऱ्या आत्मारामची बायको. तोंडाने फटकळ, हाताने सढळ. ती पोराला लस टोचायला आली होती. माझ्याकडे बोट करून म्हणाली, "सिस्टर, ही तुम्ही देवळापुढं प्रसादाला मांडलीय काय? मागं लावा. जिथं पोरांची वजनं करता तिथं. तिथं बाप्ये येत नाहीत."

[ दारावर: मोफत. विचारण्याची गरज नाही. ]

मागच्या भिंतीवर माझी खरी नोकरी सुरू झाली.

वजनकाट्याच्या झोळीत पोर रडत असे, एक बाई पोर धरी, दुसरी पदर सावरायला माझ्याकडे वळे. दार किर्र करी म्हणून सिस्टरांनी बिजागरीत खोबरेल घातले. पहिल्यांदा कुणी गोळ्या सुरू करणार असेल तर सिस्टर तिला आत नेऊन तपासत, कोणाला चालतील कोणाला नाही ते सांगत. पुढचे दर महिन्याचे पाकीट माझ्यातून. ना नाव, ना सही.

मी माणसांना हातांवरून ओळखू लागले. माळ ओवून ओवून सुईने टोचलेली बोटे. कोळंबी सोलणारे, लिंबू चोळूनही वास न गेलेले हात. नव्या इमारतीतल्या एका बाईंचा घड्याळ घातलेला हात, जो आधी पर्स उघडी, मग मला.

आणि जिजाचा हात.

जिजा मिठागरावर काम करी. तिच्या तळव्यांना मिठाने भेगा पडलेल्या, त्यांच्या कडा पांढऱ्या. तीन मुले होती. तिसऱ्या वेळी तिला इतका रक्तस्राव झाला होता की मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिला आणि सिस्टरांना बजावून सांगितले होते, चौथे बाळंतपण हिच्या जिवावर बेतेल. ऑपरेशन करावे तर अंगात रक्त नव्हते. आधी रक्त भरू द्या, मग बघू, म्हणाले. तांबी बसवली ती सोसली नाही, काढावी लागली. उरल्या गोळ्या. तिच्या नवऱ्याला, बळीरामला, कोणीतरी सांगितले होते की गोळीने बाई वाळते. म्हणून ती त्याला न सांगता घेई.

दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी, मिठाची टोपली टेकवून, जिजाचा हात आत येई. एक पाकीट. जास्त कधी नाही. दुसरीला उरले पाहिजे, असे ती सिस्टरांना म्हणाली होती.

मित्रांनो, मला तेव्हा वाटे की मी एका माणसाला जिवंत ठेवते आहे. पेटीने एवढा गर्व करू नये. ऐका पुढे.

[ दारावर: तालुक्यात पहिला क्रमांक ]

१९९५ च्या उन्हाळ्याआधी माझ्याकडे पुरुष येऊ लागले. होय, तेच बाकड्यावरचे. दिवसाढवळ्या, मोठ्याने बोलत. एकेकजण चार-चार पाकिटे उचली. एकाने तर पिशवी आणली होती. सिस्टर आनंदल्या. शेवटी गावाला समजले, असे त्या मला पुसता पुसता म्हणाल्या. महिन्याचा साठा आठवड्यात संपू लागला. त्यांनी वर जास्त मागितले, वरून जास्त आले, तेही संपले. तालुक्याने गावाला प्रमाणपत्र जाहीर केले आणि कोणीतरी हौसेने माझ्या दारावर ती बातमी रंगवली.

एवढ्या गोळ्या गेल्या कुठे, ते तेव्हा मला दिसले नाही. नंतर ऐकले ते आत्ताच सांगते, म्हणजे तुम्हाला कोडे नको.

त्या गेल्या मोगऱ्याला.

झाले होते असे. सुनंदाचे ऑपरेशन झाले, तिला गोळ्या नको झाल्या. उरलेली पाकिटे तिने टाकून न देता मोगऱ्याच्या एका ओळीत मुळाशी पुरली. त्या वर्षी ती ओळ अशी फुलली की खुडणाऱ्या बायकांना दुसरी टोपली मागवावी लागली. आत्मारामने बायकोला विचारले, हिच्या मुळाशी काय घातलेस? तिने सांगितले. आत्मारामने विचार केला आणि त्याला शास्त्र सापडले. ही गोळी फळ धरू देत नाही, बरोबर? मग झाडाचा सगळा जोर जाणार कुठे? फुलात!

मोगऱ्याला मुळात फळ हवे होते कोणाला, हे विचारायला कोणी थांबले नाही. दादरच्या बाजारात आत्मारामची फुले आधी उचलली जात होती, हे सगळ्यांना दिसत होते. तेवढा पुरावा वाड्यांना पुरला. जी पाकिटे घरच्या बाईसाठी उचलायला माणसाला मेल्याहून मेल्यासारखे होई, ती झाडासाठी न्यायला त्यालाच काही वाटेना. कसली घेताय? मोगऱ्याची. संपले.

[ दारावर: तालुक्यात पहिला क्रमांक ]

मार्चमधला पहिला मंगळवार.

सिस्टर परीटघडीची साडी नेसून प्रमाणपत्र घ्यायला गेल्या होत्या.

जिजाचा हात आला. डावा कोपरा चाचपला. उजवा. मागची कड. एका जागी पत्र्याचा टवका वर आला होता, तिथे बोट थांबले, कदाचित पाकीट असेल म्हणून.

नव्हते.

दार हळूच बंद झाले.

पुढच्या मंगळवारी पुन्हा तसेच.

त्यापुढच्याही. वजनाला जमलेल्या बायकांदेखत सिस्टरांकडे मागायला ती आत गेली नाही.

[ दारावर: तेच ]

ऑगस्टमध्ये सिस्टर सुनंदाच्या वाडीवर लस घेऊन गेल्या होत्या. मोगऱ्याच्या मुळांभोवतीची माती खालीवर करणे चालले होते. मातीतून गोळ्यांची चंदेरी वेष्टने निघत होती, मुठीमुठीने. सुनंदाने हसत हसत सगळे सांगितले. तिच्या मते ही कौतुकाची गोष्ट होती.

सिस्टर परतल्या आणि भिंतीवरचे प्रमाणपत्र काढून त्यांनी कपाटात उलटे ठेवले. मला ते दिसले नाही, पण कपाटाचा आवाज ओळखीचा आहे.

आणि दोनच दिवसांनी जिजा आली. पेटीकडे न येता सरळ आत गेली. बऱ्याच वेळाने दोघी मागच्या अंगणात आल्या. सिस्टरांनी तिच्या पोटावर हात ठेवला होता. पाचवा महिना.

[ दारावर, खडूने: दर पाकिटास दोन रुपये ]

सिस्टरांनी आत्मारामला बोलावून त्याच्या शास्त्राचा हिशेब एका बाईच्या पोटात कसा वाढतो आहे ते सांगितले, जिजाचे नाव न घेता. आत्माराम वाईट माणूस नव्हता. तो ओशाळला. पण ओशाळलेला माणूस कधी कधी फार जोरात बोलतो. तो पंचायतीचा सदस्य होता. त्याने उपकेंद्राच्या मागच्या अंगणातच बैठक बोलावली, आणि आल्या आल्या खिशातून खडू काढून माझ्या दारावर दर लिहिला.

त्याचे म्हणणे असे. फुकटची वस्तू उकिरड्यावर जाते. सरकारने फुकट दिले म्हणून आपण झाडाला घातले. विकत असते तर घातले असते का? मग किंमत ठेवा. जिला गरज आहे ती दोन रुपये देईल. सरकारने फुकट वाटत बसायचे कारणच काय?

माना हलल्या. खरे सांगते मित्रांनो, मलाही ते पटत होते. मला तीन मंगळवार आठवत होते.

मग प्लासिड सर उठले. शाळेतून निवृत्त झालेले मुख्याध्यापक, दररोज चर्चमध्ये मिस्साला जाणारे. चर्चला अशा गोळ्या मान्य नाहीत, म्हणून सगळ्यांना वाटले ते पेटीच काढायला सांगतील.

"मला या गोळ्या पटत नाहीत," सर म्हणाले. "आमच्या घरात त्या आल्या नाहीत, येणार नाहीत. पण मला वांगीही चालत नाहीत. अंगावर उठतं. म्हणून मी वसईच्या बाजारात वांगी बंद करा म्हणत नाही."

मागून कोणीतरी म्हणाले की सर, मिसेस मात्र रोज आमच्याकडून वांगी नेतात. हशा झाला. सरही हसले. मग म्हणाले, पेटी राहू दे. पण दोन रुपये ठेवले तर मोगऱ्याला कोणी घालणार नाही, एवढे आत्मारामचे खरे आहे.

ठरल्यासारखे झाले होते. तेवढ्यात वजनकाट्याजवळ बसलेली जिजा उभी राहिली. तिने उभे राहिल्यावर वेगळे काही सांगायची गरज नव्हती, दिसत होते.

"दोन रुपये मी देईन, भाऊ," ती आत्मारामला म्हणाली. "पन देताना कोनाच्या हातात देऊ?"

आत्मारामला प्रश्न कळला नाही.

"पैशे घ्यायला मानूस बसल ना हितं. तो माझ्या तोंडाकडं बघल. मजुरी घरधन्याच्या हातात जाते, त्याच्याकडं दोन रुपये मागू तर तो इचारल कशाला. पेटी रिकामी होती तवा मी स्टेशनाजवळच्या मेडिकलात गेलते. मिठाचे वरचे पैशे होते जवळ. त्यानं चार गिऱ्हायकांदेखत इचारलं, कोनासाठी पायजे? मी म्हटलं, डोकं दुखतंय, डोक्याची द्या."

तिने पदर सारखा केला.

"डोक्याची गोळी घेऊन मी घरी आले."

मोगऱ्याच्या वाड्यांचे बारा-पंधरा मालक तिथे बसले होते. प्रत्येकजण आपल्या पायाच्या अंगठ्याकडे पाहत होता.

मग सुनंदाचा आवाज आला. "आणि एक सांगू? त्या ओळीला मी सुक्या मासळीची कुटी पण घातली होती. दोन पाट्या. मला कोणी विचारलंच नाही."

आत्माराम बायकोकडे पाहतच राहिला. मग तो उठला, खांद्यावरचा पंचा काढला आणि माझ्या दारावरचा खडू पुसला. ओल्या पंचाने पुसला, त्यामुळे लाल त्रिकोणही थोडा फिकट झाला. तो अजून तसाच आहे.

[ दारावर: मोफत ]

त्या दिवसापासून दोन गोष्टी बदलल्या. राखीव साठा सुनंदाच्या घरी राहू लागला आणि दर सोमवारी ती येऊन माझे दार उघडून आत डोकावू लागली. मंगळवारच्या आदल्या दिवशी. दुसरे म्हणजे सिस्टर जिजाच्या खोपटावर जाऊन बळीरामशी बोलल्या. काय बोलल्या ते मी ऐकले नाही. एवढे खरे की पुढच्या तपासणीला तो बरोबर आला आणि बाहेर उभा न राहता आत बसला.

डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवले होते, रक्ताची सोय करून या. जानेवारीत एका सकाळी जिजाच्या पोटात दुखू लागले. फुले उतरवून स्टेशनवरून परतलेला आत्मारामचा टेंपो तिला घेऊन गेला. त्याच्या मागोमाग वाड्यांतले सातजण गेले. एकाचे वजन भरले नाही. दोघे सुई पाहून मटकन खाली बसले, त्यांत आत्माराम होता. तो पाणी पिऊन पुन्हा रांगेत लागला. शेवटी पाचांचे रक्त घेतले. हे मी सुनंदाकडून ऐकले, त्यामुळे आत्मारामचे मटकन बसणे थोडे वाढवलेले असू शकेल.

दोन दिवस उपकेंद्रात काही बातमी आली नाही. तिसऱ्या दिवशी सिस्टरांची लुना मागच्या अंगणापर्यंत आली, आणि त्या माझ्यासमोर उभ्या राहून, कोणी नाही असे पाहून, पेटीला म्हणाल्या, "वाचली."

मुलगी झाली होती. दोघी ठीक होत्या. त्याच दवाखान्यात, जिजाच्या आणि बळीरामच्या संमतीने, तिचे ऑपरेशनही झाले. तिला आता माझी गरज उरली नव्हती.

[ दारावर: वाचता येत नाही ]

इथे मला एक अडचण सांगायची आहे. आत्मवृत्तात अशा अडचणी लिहीत नाहीत, पण मी लिहिते.

ती मुलगी वजनासाठी माझ्यासमोर झोळीत बसे. मी रिकामी होते म्हणून ती जन्माला आली. ती खदखदून हसे आणि झोळी हले. मला काय वाटावे ते मला ठरवता येईना. तिच्या येण्याचे वाईट वाटत नव्हते. वाईट वाटत होते ते याचे, की तिच्या आईचा जीव टांगणीला लागला आणि तिला कोणी विचारलेच नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. पत्र्याला हे समजायला दहा वर्षे लागली.

पुढे आकडे ठरवून द्यायची पद्धत गेली. सिस्टरांची बदली झाली, निरोपाला सगळ्या वाड्यांतून इतके हार आले की लुना दिसेना. रस्त्यापलीकडे नव्या इमारती झाल्या. माझा तळ गंजला, एका पावसाळ्यात मुंग्यांनी वारूळ करायला घेतले. नव्या सिस्टर चांगल्या होत्या पण त्यांना वाटले, एवढी मेडिकलची दुकाने झाली, आता या जुन्या डब्याचे काय काम? काढून भंगारात द्यावा. स्क्रूड्रायव्हरसुद्धा आणून ठेवला होता.

तो सोमवार होता. सुनंदा आली, तिने स्क्रूड्रायव्हर पाहिला, उचलला, आणि घरी घेऊन गेली. आजपर्यंत परत केलेला नाही.

[ दारावर: अजून काही लिहिलेले नाही ]

मागच्या महिन्यातली गोष्ट, साल २००५. जिजा आली. केस पिकले आहेत. बरोबर तिची थोरली मुलगी, कडेवर आठ महिन्यांचे बाळ. लग्न होऊन ती नायगावात नव्या वस्तीत राहायला गेली आहे. नव्या सिस्टरांनी तिला आत तपासले, समजावून सांगितले आणि मागे पाठवले.

अंगणात त्या दिवशी गर्दी होती. पल्स पोलिओचे कार्यकर्ते, दोन पुरुष, एक मोटरसायकल. मुलगी माझ्यापाशी येऊन अडखळली. हात वर झाला आणि तसाच राहिला.

जिजाने बाळ आपल्याकडे घेतले, माझ्याकडे पाठ केली, पदर दोन्ही खांद्यांवरून पसरला आणि मुलीच्या आणि अंगणाच्या मध्ये उभी राहिली. भिंतीसारखी.

मागून मुलीने हळूच विचारले, "आई, किती घेऊ?"

"लागतील तेवढ्या घे. कोन मोजत नाय."

हात आत आला. मऊ, तरुण हात, मिठाची एकही भेग नसलेला. त्याने तीन पाकिटे घेतली आणि दार सावकाश लोटले.

मित्रांनो, सरकारने हे फुकट द्यावे की नाही यावर तुम्ही मोठेपणी खूप वाद ऐकाल. वाद जरूर करा. पण करताना एकदा विचारा, की दुकानात जाऊन तोंड उघडता येत नाही अशा बाईने काय करायचे. आणि तुमच्या गावात माझ्यासारखी एखादी पेटी असेल तर अधूनमधून तिचे दार उघडून बघा. रिकामी दिसली तर कोणाला तरी सांगा. गंजली असेल तर थोडा रंग द्या. आणि तिच्यापाशी कोणी उभे असेल, तर घटकाभर दुसरीकडे बघा.